कागदावर दुखत नव्हतं

कागदावर म्हणाल, तर जावयाला अजिबात दुखत नव्हतं.

कागद हिरवा होता. त्यावर शिक्का होता, सही होती, आणि पलंगाच्या पायथ्याशी चिमट्याला तो मोठ्या ऐटीत लटकत होता. पलंगावर होता जावई. सकाळपासून त्याच्या उशीचा अभ्रा तीनदा बदलून झाला होता, इतका घाम. दात असे आवळलेले की सासूबाईंना वाटलं, खांद्यापाठोपाठ आता दातांचाही डॉक्टर शोधावा लागणार.

"कितपत दुखतंय? शून्य ते दहा सांगा," सिस्टरनं विचारलं.

जावयानं आधी सासूबाईंकडं बघितलं, मग छताकडं. "चार," तो म्हणाला.

"चार?" सासूबाई खुर्चीतून उठल्याच. "अहो जावईबापू, चारात माणूस पेपर वाचतो! चारात माणूस शेजाऱ्याशी भांडतो! तुमच्या तोंडाला तर चुन्याचा रंग आलाय."

"सासूबाई, बसा ना जरा."

"मी बसते, पण तुम्ही खरं बोला."

सिस्टरनं शांतपणे चार लिहिलं. "गोळी बरोबर चाललीय," ती म्हणाली आणि हिरव्या कागदाकडं बोट करून पुढच्या पलंगाकडं गेली. सासूबाईंनी त्या कागदाकडं असं बघितलं की कागदाला जीव असता तर तो चिमट्यातून सुटून पळाला असता.

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. लेक बस चालवायची. एक माणसांना आडवी नेई, दुसरा उभी. वीस वर्षं डोक्यावर हात करून तारा आणि चाकं सांभाळता सांभाळता त्याच्या उजव्या खांद्याचा स्नायू जुन्या चादरीसारखा फाटला होता. परवा तो शिवला. शिवण छान बसली म्हणे. पण शिवलेला खांदा तसाच ठेवला तर आखडतो आणि गंजलेल्या बिजागरीसारखा बसतो. म्हणून रोज सकाळी एक व्यायामवाली बाई यायची आणि त्याचा हात आपल्या हातात घेऊन हळूहळू वर न्यायची. न्यायची म्हणजे न्यायला बघायची. काल हात वीतभर उचलला आणि जावयाचे डोळेच फिरले. आज तर तिनं नुसतं मनगट धरलं तरी त्यानं श्वास रोखला. तिनं वहीत लिहिलं, 'सहकार्य नाही', आणि जाता जाता सांगून गेली, "असंच चाललं तर हात डोक्यावर जायचा नाही हं. मग मला दोष देऊ नका."

हात डोक्यावर गेला नाही, तर लिफ्टच्या उभ्या पोकळीत काम कसं करणार? कंपनीवाले त्याला खाली टेबलाशी बसवतील, तक्रारींचे फोन घ्यायला. आणि जावयाला फोनचं इतकं वावडं की स्वतःच्या बायकोचा फोन आला तरी तो आधी खाकरून घ्यायचा.

त्याला खरंच दुखतंय हे सासूबाईंना आकड्यावरून नाही, लिफ्टवरून कळायचं. पहिल्या दिवशी खांदा बधिर केलेला होता, तेव्हा तो पलंगावरून ऐकून सांगत होता, "तिसऱ्या मजल्याच्या दाराचं चाक गेलंय. आणि ब्रेकला तेल नाही." काल दुपारपासून लिफ्ट कुठंही अडली, कण्हली, किंचाळली तरी त्याला ऐकू येत नव्हतं.

बरं, दुसरी गोळी द्या म्हणावं, तर तेही नाही. बारा वर्षांपूर्वी जावयाचं यकृत निकामी झालं होतं. तेव्हा आपलं अर्धं कापून देणारी व्यक्ती कोण? तर सासूबाई. घरात बायको होती, पण तिचा रक्तगट जुळेना. भाऊ होता, पण त्याला ऐन वेळी पाठीचं दुखणं सुरू झालं. सासूबाईंचं सगळं जुळलं. "जुळणारच," त्या म्हणायच्या, "मी चाळीस वर्षं लोकांचे कोट अल्टर करते. कुठल्याही मापात बसते मी."

तेव्हापासून जावयाच्या पोटावर त्यांचा हक्क होता. तो जेवायला बसला की त्या ताटात डोकावायच्या. कुणी पेला पुढं केला की लांबून ओरडायच्या, "माझ्या वस्तूला हात लावायचा नाही!" आणि जावई कधी चिडलाच, तर लेक म्हणायची, "तो नाही बोलत, आईचं यकृत बोलतंय."

तर त्या यकृतासाठी रोज घ्यावी लागणारी औषधं होती, आणि दुखण्यावरच्या निम्म्या गोळ्या त्या औषधांशी भांडायच्या. उरली ती अफूच्या नात्यातली एक गोळी. आणि ती लागू पडणार की नाही, हे या हॉस्पिटलात शस्त्रक्रियेच्या आधीच बघायचे. त्याचा त्यांना भारी अभिमान. तीन आठवड्यांपूर्वी जावयाला एका नळीत थुंकायला लावलं होतं. थुंकी वाचून यंत्रानं सांगितलं, गोळी उत्तम लागू पडेल. तोच हा हिरवा कागद.

"थुंकी वाचतात म्हणे," सासूबाई पुटपुटल्या. "तोंडासमोर माणूस घामानं भिजलाय, तो कुणी वाचत नाही."

दुपारी दुखण्याचा डॉक्टर आला. तरुण पोरगा. छातीशी टॅब असा धरलेला की जणू तान्हं बाळ. सासूबाईंनी मनातल्या मनात त्याचं नाव 'टॅबबाळ' ठेवून टाकलं होतं.

"आकडा चार. छान," तो म्हणाला.

"छान कसलं? हात वीतभर उचलत नाही."

"आजी, भीतीनंही हात उचलत नाही."

"आजी म्हणू नका. आणि हा माणूस चौदाव्या मजल्यावर दोरीला लटकतो. हा भिणार, आणि कुणाला, तर त्या व्यायामवालीला?"

डॉक्टर हसला नाही. बिचारा दमला होता. "बघा, रिपोर्ट हिरवा आहे, पेशंट स्वतः चार सांगतोय. जास्त जोराचं औषध द्यायचं तर श्वास मंद व्हायचा धोका. कोणत्या तोंडानं देऊ? थांबा, मी तुम्हाला चित्र काढून दाखवतो."

त्यानं टॅबवर माणसाचं पोट काढलं. बटाट्यासारखं झालं ते.

"ही गोळी पोटात जाते ना, तेव्हा ती नुसती बंद डबी असते. औषध आत. डबी उघडली तरच गुण. उघडतं कोण? हे." बटाट्याच्या आत त्यानं एक तपकिरी ढग काढला. "यकृत. डबी उघडायची किल्ली त्याच्याकडं. काही माणसांकडं ही किल्ली नसतेच. त्यांना गोळी दिली काय आणि खडू दिला काय, सारखंच. काहींकडं जादा किल्ल्या असतात. त्यांची डबी इतकी भसकन उघडते की जीवावर बेततं. म्हणून तर आम्ही अंदाजानं काही करत नाही. किल्ली कशी आहे ते जीन्समध्ये लिहिलेलं असतं, आणि जीन्स थुंकीत सापडतात. तुमच्या जावयाकडं एक नीट, चांगली किल्ली आहे."

सासूबाईंनी त्या तपकिरी ढगाकडं बघितलं. बघतच राहिल्या.

"उघडतं ते हे?"

"हो."

"थुंकी नाही उघडत."

"थुंकी कशी उघडेल? थुंकीवरून फक्त कळतं—"

"कुणाचं कळतं?"

"पेशंटचं."

"आणि यकृत कुणाचं आहे?"

"पेशंटचंच," डॉक्टर म्हणाला, आणि त्याचं बोट टॅबवर तसंच राहिलं.

"माझं आहे," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा जावयाच्या पोटाकडं, आणि मग हिरव्या कागदाकडं. घराबाहेर पडून तीन स्टॉप गेल्यावर गॅस आठवलेल्या माणसासारखा भाव त्याच्या तोंडावर आला.

"फाइलमध्ये आहे ते," तो हळूच म्हणाला. "प्रत्यारोपण. मी वाचलंय. त्यासाठी औषधंसुद्धा बदलली."

"मग?"

"ते शस्त्रक्रियेच्या पानावर आहे. थुंकीचा फॉर्म वेगळ्या विभागाचा. त्यात वजन विचारतात, उंची, सिगारेट..."

"आणि पोटात दुसऱ्या कुणाचं काही आहे का, हे नाही विचारत?"

"नाही."

"धन्य आहे! म्हणजे तुम्ही कोटाच्या कॉलरवरची चिठ्ठी वाचून अस्तराचं माप सांगताय. अहो, कोट त्यांचा. अस्तर मी घातलंय!"

एवढ्यात लेक आली, बसचा निळा डगला तसाच अंगात. आल्या आल्या तिनं आईचा वर चढलेला आवाज ऐकला आणि कपाळाला हात लावला. "आई, आता काय केलंस?"

डॉक्टरनं तिला थोडक्यात सांगितलं. मग सासूबाईंकडं वळून विचारलं, "यकृत दिलंत तेव्हा तुम्हालाही याच जातीची गोळी दिली असणार. गुण आला होता?"

झालं. इथं सासूबाईंनी सरळ 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण सरळ बोलणं त्यांच्या जिभेला कधी ठाऊकच नव्हतं. त्यांच्या दुकानात एका बाईच्या कोटाचं बटण म्हणे इतक्या जोरात सुटलं होतं की समोरच्या इमारतीवरच्या घड्याळाला लागलं, घड्याळ दहा मिनिटं मागं पडलं, आणि अख्खी गल्ली त्या दिवशी कामावर उशिरा गेली. अशा बाईला 'गुण आला होता?' विचारायचं म्हणजे नळाला 'पाणी आहे का?' विचारून तोटी सोडण्यासारखं.

"गुण?" त्या म्हणाल्या. "अहो, मी अशी किंचाळले की खालच्या रस्त्यावरचे तीन कुत्रे बहिरे झाले! चौथा गाव सोडून गेला! शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्याचं बंद पडलेलं श्रवणयंत्र—"

"डॉक्टर," लेक म्हणाली, "आमच्या आईचं बोलणं ऐकताना अर्धं सोडून द्यायचं आणि उरलेल्याला दोननं भागायचं. तिला इंजेक्शन टोचलं तरी ती तलवारीची गोष्ट सांगते."

डॉक्टरचा चेहरा मिटला. सासूबाईंनी तो मिटताना बघितला. आत्ता उघडलेलं दार, आणि आपणच लाथ मारून लावलं. इतका राग आला त्यांना स्वतःचा की पुढची तीन वाक्यं तोंडात आलेली त्यांनी गिळली.

"हे बघा, तुमचा मुद्दा मला पटतोय," डॉक्टर म्हणाला. "पण पटणं वेगळं आणि औषध देणं वेगळं. तुमच्या यकृताकडं किल्ली नाहीच असं कशावरून? जादा असल्या तर? तुमची थुंकी तपासायला पाठवतो. पण दहा दिवस लागतील."

"दहा दिवसांत यांचा खांदा विटेसारखा होईल!"

"म्हणून म्हणतो, लेखी काहीतरी पाहिजे. त्या वेळची तुमची फाइल. तळघरात असेल. चारला बंद होतं."

तीन वाजून गेले होते.

तळघरात एक गृहस्थ बसले होते, समोर स्टेपलर आणि घंटी. सासूबाईंनी घंटी वाजवली. गृहस्थ समोरच होते, पण घंटी वाजल्याशिवाय वर बघायची त्यांची पद्धत नव्हती.

"कुणाची फाइल?"

"माझी."

"पेशंटचं तुमच्याशी नातं?"

"मीच ती."

"म्हणजे तुम्ही पेशंट होतात."

"नाही हो, मी ठणठणीत होते. म्हणून तर काढून घेतलं."

गृहस्थांनी स्टेपलर खाली ठेवला. "पेशंट नव्हतात, तर फाइल कशी असेल?"

"यकृत दिलं मी! जावयाला!"

"मग जावयाच्या फाइलीत बघा."

"जावयाच्या फाइलीत जावयाचं दुखणं आहे. मला माझं पाहिजे!"

"असं बघा बाई," गृहस्थ समजुतीनं म्हणाले, "पेशंटच्या फाइली पेशंटच्या कपाटात. दात्यांच्या फाइली दात्यांच्या कपाटात. ते कपाट सगळ्यात मागं. रुळावर आहे. ढकलायला दोन माणसं लागतात. एक माणूस रजेवर आहे."

"आणि दुसरा?"

"मी."

सासूबाईंनी बाह्या सारल्या. ते कपाट बांधलं त्या दिवसापासून पहिल्यांदाच हललं असावं. आतून अशी धूळ उठली की गृहस्थ शिंकले ते सात वेळा, आणि आठवी शिंक त्यांनी हातातल्या पावतीचा मान राखून आवरली. चारला पाच मिनिटं कमी असताना सासूबाई फाइल छातीशी धरून बाहेर पडल्या. टॅबबाळानं टॅब धरावा, तशी.

लिफ्ट नेहमीसारखी अडली होती, म्हणून त्या जिन्यानं निघाल्या. पहिल्या वळणावर दम लागला. पायरीवर बसल्या आणि फाइल उघडली.

वेदनेचा तक्ता होता. दर चार तासांनी एक नोंद. पहिली: 'दुखणं: चाळीस.' दुसरी: 'दुखणं: एकशे दहा.' मग वेगळ्या अक्षरात: 'रुग्ण आकडा देत नाही, गोष्ट सांगते.' मग: 'पोटात शिंप्याचं दुकान उघडलं असून सगळ्या सुया तिथंच ठेवल्या आहेत, असे सांगते. गोळी दिली. गोष्ट चालू.' पुन्हा: 'गोळी दिली. गोष्ट चालू.' कुणीतरी समासात लिहिलं होतं: 'नाटकी?'

सासूबाईंची कानशिलं तापली. नाटकी! त्यांना ते छत आठवलं. पांढरं, एका कोपऱ्यात पोपडा निघालेलं. त्या पोपड्याकडं बघत त्यांनी दोन दिवस काढले होते. गोष्ट थांबली की किंकाळी यायची. म्हणून त्या गोष्ट थांबूच देत नव्हत्या. पलीकडच्या खोलीत जावई मरणाच्या दारातून परत येत होता आणि लेक दोन खोल्यांमध्ये पळत होती. तिला किंकाळी ऐकवायची? त्यापेक्षा हसली तर बरं. ती हसायचीही. "आई, तू म्हणजे ना," म्हणायची.

हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. यात अद्भुत असं काही नव्हतं ना, म्हणून.

त्यांनी नाक पुसलं आणि पान उलटलं.

वर डॉक्टर थांबला होता. त्यानं फाइल घेतली. 'गोष्ट सांगते'पर्यंत आला तेव्हा ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं त्याच्या. लेकीनं खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

"थांबा," डॉक्टर म्हणाला. त्याचं बोट कडेच्या लहान रकान्यावर होतं. तिथं नाडीचे ठोके लिहिलेले होते. ते यंत्रानं मोजलेले, सासूबाईंनी सांगितलेले नव्हेत. एकशे अठरा. एकशे एकवीस. एकशे वीस. गोळीआधी तेवढेच, गोळीनंतर तेवढेच. दोन दिवस. मग तिसऱ्या दिवशी सकाळी एक ओळ होती, घाईत लिहिलेली: 'मोठ्या डॉक्टरांनी गोळी बंद करून इंजेक्शन दिले. वीस मिनिटांत गोष्ट बंद. रुग्ण झोपली.' आणि कडेला: अठ्ठ्याहत्तर.

"हे इंजेक्शन म्हणजे तयार औषध," डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "डबीबिबी काही नाही. त्याला ही किल्ली लागतच नाही." मग त्यानं टॅब चक्क पलंगावर ठेवला, सासूबाईंनी त्याला पहिल्यांदाच टॅबशिवाय बघितलं, आणि विचारलं, "मावशी, एक विचारतो. गोष्ट नको. ते दोन दिवस, शून्य ते दहा, किती दुखत होतं?"

सासूबाईंनी तोंड उघडलं. कुत्री आली, शिंप्याचं दुकान आलं, एक हत्तीसुद्धा येऊन उभा राहिला. सगळ्यांना त्यांनी परत पाठवलं. वेळ लागला त्याला.

"नऊ," त्या म्हणाल्या. "बाळंतपणात आठ होतं."

लेक आईकडं बघत राहिली. निळ्या डगल्याचं एक बटण तिनं उगाचच काढलं आणि लावलं. "मला वाटायचं तू मजा करतेयस," ती म्हणाली.

"करतच होते. दुखतही होतं."

"माझंही," पलंगावरून आवाज आला.

तिघांनी माना वळवल्या. जावई छताकडं बघत होता. "माझंही नऊ. काल दुपारपासून."

"आणि चार काय सांगत होता?" बायको, सासू आणि डॉक्टर, तिघंही एका सुरात ओरडले.

"काल सकाळी सहा सांगितलं," जावई म्हणाला, एकेक शब्द तोलून, कारण मोठा श्वास घेतला तरी खांदा भडकत होता, "तर सासूबाईंनी तीन डॉक्टर आणि एक रखवालदार गोळा केला. नऊ सांगितलं असतं तर बंब आला असता."

"आला असता तर आला असता!"

"आणि..." तो थांबला. "बारा वर्षं तुमच्या जिवावर जगतोय, सासूबाई. आणखी किती पळवायचं तुम्हाला?"

"अहो, तुम्ही खरं बोलला असतात तर मला तळघरात कपाटं ढकलावी लागली नसती!" सासूबाई कडाडल्या. "कृतज्ञता म्हणे! अशी कृतज्ञता माझ्या वैऱ्यावर येवो! तुम्ही चार सांगायचे, मी चाळीस सांगायची, आणि मधल्या मध्ये हा पोरगा बटाटे काढत बसायचा!"

डॉक्टर तोवर सिस्टरला सूचना देत होता. गोळी बंद. तयार औषधाचं इंजेक्शन, सुरुवातीला अगदी थोडं. बोटाला श्वास मोजायचा चिमटा, दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी बघायचं. सिस्टरनं विचारलं, "पण रिपोर्ट हिरवा आहे. कारण काय लिहू?"

"यकृतदात्याचा रिपोर्ट दहा दिवसांनी येईल."

"आणि तोवर?"

डॉक्टरनं सासूबाईंकडं बघितलं. "तोवर मावशींच्या शब्दावर. आणि त्यांच्या नाडीच्या," असं म्हणून त्यानं तो हिरवा कागद चिमट्यातून काढला.

थुंकीचा प्रकार मात्र लांबला. नळीवर एक रेघ होती, तिथपर्यंत भरायचं. नळीवाल्या मुलीनं सांगितलं, अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. सासूबाईंनी खाल्लं-प्यायलं काही नाही, पण तो अर्धा तास त्या मुलीला फॉर्ममध्ये काय काय विचारायला हवं ते सांगण्यात गेला, आणि नळी तोंडाशी धरली तर तोंडाला कोरड. वाटाण्याच्या दाण्याएवढा फेस आला.

"मावशी, बोलणं थांबवा," मुलगी काकुळतीला आली. "बोललं की सुकतं."

"मी कुठं बोलतेय? मी फक्त सांगतेय, की दुसऱ्या कुणाला असं होऊ नये म्हणून—"

"मावशी!"

मग सासूबाई गप्प बसल्या. वीस मिनिटं. तिथून जाणाऱ्या सिस्टरनं येऊन कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

त्या वर परत आल्या तेव्हा लेक दारातच उभी होती, ओठांवर बोट. आत जावई झोपला होता. दात सुटले होते, तोंड अर्धवट उघडं होतं, आणि कपाळ कोरडं होतं. यंत्रावरचा आकडा सासूबाईंनी लांबून वाचला. ऐंशी. त्या खुर्चीत बसल्या. अवघडलेले पाय पसरले. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना त्याच्या पोटाकडं बघून काही सांगावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामवाली आली ती हाताची घडी घालूनच. "आज तरी प्रयत्न करणार का?"

सासूबाई उठणार, तोच लेकीनं त्यांच्या बाहीला धरून खाली बसवलं.

"करू," जावई म्हणाला. "पण मी आकडा सांगेन, तिथं थांबायचं."

"थांबले तर हात वर कसा जाईल?"

"थांबा, बघा," लेक म्हणाली.

बाईनं एक हात कोपराखाली घातला, दुसऱ्यानं मनगट धरलं. हात उचलला. वीतभर. "तीन," जावई म्हणाला. सासूबाईंनी संशयानं त्याच्याकडं बघितलं. तोंडाचा रंग तोंडाच्याच जागी होता. खरंच तीन असावं. दोन वीत. "चार." हात पोटावरून छातीसमोर आला, आणखी वर सरकला. बाई आता वहीकडं बघत नव्हती.

"सात," तो म्हणाला, आणि त्याच्या ओठावर घाम आला.

बाईनं हात तिथंच धरला. सासूबाईंच्या तोंडात रखवालदारापासून वरपर्यंत सगळ्यांची नावं गोळा झाली होती. त्यांनी ओठ दाबून धरले. कुणी पळालं नाही, कुणी ओरडलं नाही. जावई हळूहळू श्वास सोडत होता. बाई त्याच्या तोंडाकडं बघत थांबली होती, घाई न करता.

"पाच," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "न्या अजून वर."